दीक्षारंभाची आदली दुपार

फ्लेक्स आला आहे. दोन पोरं पावसातून तो डोक्यावर धरून आणतात, तेव्हा गुंडाळीच्या दोन्ही टोकांतून पाणी ठिबकत असतं. सभागृहाच्या फरशीवर तो उलगडला जातो. निळ्या रंगावर पांढरी ठसठशीत अक्षरं : ‘दिक्षारंभ’. पहिली वेलांटी.

“कसा झालाय, मॅडम?” पोरं कौतुकाच्या अपेक्षेने उभी आहेत. मी मराठी शिकवते. एकदा ती वेलांटी दिसली, की फ्लेक्सवरचं दुसरं काही मला दिसत नाही. विद्यापीठाचं बोधचिन्ह नाही, प्राचार्यांचं नाव नाही, कोपऱ्यातला कमळाचा फोटोही नाही.

“दी दीर्घ पाहिजे रे.”

दोघं एकमेकांकडे बघतात. नवा छापायचा तर उद्या संध्याकाळी मिळेल, आणि कार्यक्रम उद्या सकाळी दहाला. शेवटी हस्तकलेत हात बसलेली तृतीय वर्षाची एक मुलगी पांढरा चिकटकागद आणि कात्री घेऊन फ्लेक्सवरच मांडी घालते. आधी जुनी वेलांटी निळ्या कागदाखाली गाडायची, मग दुसरी कापून चिकटवायची. एका वेलांटीसाठी तिची दुपार जाणार.

शिपाईमामा खुर्च्या पुसता पुसता थांबतात. गेली कित्येक वर्षं ते या कॉलेजात आहेत आणि गावातला प्रत्येक रस्ता कुठे तुंबतो हे त्यांना तोंडपाठ आहे. “मॅडम, ही दीक्षा कसली देणार उद्या पोरांना? आमच्या खोपोलीत दीक्षा म्हटलं की लोकांना पाताळगंगेकाठचा गगनगिरी महाराजांचा मठ आठवतो. तिथे माणूस घरदार विसरायला जातो. आपली पोरं तर दुपारच्या गाडीने घरी जाणार.”

मी हसते. पण मामांचं वाक्य कानात राहतं.

हा शब्द आमचा नाही. पूर्वी आम्ही ‘स्वागत समारंभ’ म्हणायचो. गुलाबाचं फूल, दोन भाषणं, वडापाव, संपलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली नव्या विद्यार्थ्यांना रुळवण्यासाठी एक मार्गदर्शिका काढली आणि तिला ‘दीक्षारंभ’ हे नाव दिलं. मुलांचे छोटे गट करावेत, प्रत्येक गटामागे एक शिक्षक असावा, परिसराची ओळख करून द्यावी, असं त्यात आहे. कागदावर तो अनेक दिवसांचा कार्यक्रम आहे. आमच्याकडे तो एका सकाळीत बसवायचा आहे, कारण जुलै निम्मा होत आला आणि अभ्यासक्रम वाट बघतो आहे.

पावसाचा जोर वाढतो. सभागृहावर पत्रे आहेत. एकदा का पाऊस त्यांच्यावर उतरला, की माईक असो वा नसो, तिसऱ्या रांगेपलीकडे काही ऐकू जात नाही. तरीही माईकची चाचणी चालू आहे. “हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन” म्हणणारा मुलगा ‘चार’वर येतो आणि वीज जाते.

सगळे एकदम हसतात. विजेच्या गावात वीज जाण्याचा हा विनोद जुना आहे. खिडकीतून ढग जरा सरकले, की समोरच्या डोंगरावरून उतरणारे जाड नळ दिसतात. घाटमाथ्यावरच्या लोणावळा-वळवणच्या तलावांचं पाणी त्यांतून खाली झेप घेतं, टाटांच्या वीजकेंद्रातली चक्रं फिरवतं आणि पाताळगंगेत मिसळतं. १९१५ पासून हे चाललं आहे. मुंबईच्या गिरण्या या विजेवर फिरल्या. आमचा माईक मात्र मामांच्या जनरेटरवर चालेल, डिझेल मिळालं तर.

अंधुक उजेडात टेबलांवर फायली लावण्याचं काम सुरूच राहतं. राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं रांगेने बसली आहेत. एकाच्या हातात वेळापत्रक, दुसऱ्याच्या हातात रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्राचा नमुना, तिसऱ्याच्या हातात ओळखपत्राचा अर्ज, चौथा फाईल मिटतो आणि रबरबँड लावतो. प्रतिज्ञापत्रावर विद्यार्थ्याची सही लागते आणि पालकांचीही. खाली मदतीचा राष्ट्रीय क्रमांक छापला आहे, १८००-१८०-५५२२.

“मॅडम, आपल्याकडे रॅगिंग करायला वेळ कुणाला आहे?” रबरबँडवाला म्हणतो. “लेक्चर संपलं की पोरं स्टेशनकडे पळत सुटतात. गाडी चुकली की बसा तास-दीड तास फलाटावर.”

“तरी वाटायचं. सगळ्यांना.” मी म्हणते. तो मान हलवतो आणि रबरबँड ताणतो.

आयटीच्या सरांनी लॅपटॉप बॅटरीवर चालू ठेवला आहे. उद्याचं सादरीकरण ते आम्हाला दाखवतात. स्लाइड क्रमांक एक : विद्यापीठाची ओळख. दोन : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०. तीनपासून अक्षरांची वारी सुरू होते. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. एका सत्राची २२ क्रेडिट, वर्षाची ४४, तीन वर्षांच्या पदवीची १३२. वर्गातल्या शिकवण्याचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाला ३० तास. सर एकेक ओळ नीट समजावतात. चूक काहीच नाही. पण आठव्या स्लाइडला स्वयंसेवकांमधल्या दोघांनी मोबाईल काढलेला असतो, आणि ही तर मागच्या वर्षी यातून गेलेली मुलं आहेत.

“तुम्हाला पहिल्या दिवशी यातलं काय कळलं होतं?” मी विचारते.

“काहीच नाही,” खिडकीजवळची मुलगी पटकन सांगून टाकते. ती द्वितीय वर्षाला आहे, खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरून येते. “दिवाळीनंतर कळलं. क्रेडिट बँक म्हणजे मी आधी कर्ज समजले होते. मग आईला सांगताना मला कळलं. मी म्हटलं, तुझ्या बचत गटाचं पासबुक आहे ना, तसं. दर सत्राला थोडं जमा होतं. मधेच शाळा सोडावी लागली तरी जमा झालेलं बुडत नाही. परत आलीस की तिथून पुढे.”

सर लॅपटॉपवरून वर बघतात. तिने सांगितलं ते बरोबर आहे. श्रेयांक बँकेत जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत चालतात. पहिल्या वर्षानंतर लग्न ठरलेल्या, कंपनीत कामाला लागलेल्या, घरात दुखणं निघालेल्या मुलांसाठी सगळ्या धोरणातली हीच सगळ्यात कामाची ओळ असेल. ती पंधराव्या स्लाइडवर बारीक अक्षरांत आहे.

“उद्या हे तू सांगशील?” सर विचारतात.

“मी? माईकवर?” ती शेजारणीच्या मागे लपते. शेजारीण तिला पुढे ढकलते. ठरतं.

इतिहासाचे सर मागच्या दारातून छत्री झटकत येतात. त्यांचीही एक स्लाइड आहे आणि ती गेली दोन वर्षं वेळेअभावी गाळली जाते. “एकच मिनिट,” ते म्हणतात. “आगगाडी खोपोलीला आली १८५६ साली. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठाच्या आधी गाडी आली! आणि इथे रूळ संपायचे. पुढे खंडाळ्यापर्यंत घाट चढायचा तो पालखीत, तट्टूवर नाहीतर बैलगाडीत. खंडाळ्याहून पुण्याला गाडी १८५८ साली सुरू झाली, पण मधला घाट रुळांनी जोडायला १८६३ उजाडलं. तोवर विद्यापीठाची पहिली पदवीधर तुकडी बाहेर पडली होती, १८६२ साली. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर त्या तुकडीतले.”

“सर, पोरांना उद्या रानडे नको, शौचालय कुठे आहे ते सांगा,” ग्रंथालयातल्या ताई म्हणतात. पुन्हा हशा. सर स्लाइड मागे घेतात.

तीनच्या सुमाराला दारात एक बाई आणि एक मुलगी येऊन उभ्या राहतात. दोघींत मिळून एक छत्री आणि एक प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मुलीने तारीख चुकीची वाचली आहे. कार्यक्रम आजच आहे असं समजून त्या आल्या आहेत, आणि तेही गाडी उशिरा आल्याने उशीर झाला म्हणून घाबरून.

“कार्यक्रम उद्या आहे, ताई. बसा जरा.” मामा स्वतःची खुर्ची पुढे करतात.

मुलगी कला शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. डोलवलीला गाडीत बसते, आणि डोलवलीला यायला आधी वाडीपासून चालत. घरात कॉलेजात येणारी ती पहिलीच. मी तिला एक फाईल देते. ती उघडून पाहते, नीट मिटते आणि पिशवीत ठेवते. वाचत नाही.

“काही विचारायचंय का?”

ती आईकडे बघते. आईच विचारते, आणि तिचे प्रश्न तयार आहेत. वाटेत पाठ करून आणल्यासारखे.

“उद्या मी आलेलं चालंल का? गणवेश हाय का? जेवणाचा डबा आणायचा का? सुटतं कधी? त्या टायमाला गाडी हाय का?” मग जरा थांबून, हळू आवाजात : “आन् लय पाऊस झाला, गाडी बंद पडली, तर पोरगी कुठं थांबंल?”

शेवटच्या प्रश्नावर कुणीच लगेच बोलत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ती याच तालुक्यात. डोंगराकडेच्या घरांत तेव्हापासून पावसाळ्यातली प्रत्येक रात्र मोजली जाते, आणि घरातलं कोण कुठे आहे हे अंधार पडायच्या आत माहीत असावं लागतं. हा प्रश्न भित्रेपणाचा नाही.

आमच्याकडे उत्तर आहे, पण ते कुठे लिहिलेलं नाही. गाडी बंद पडली तर मुली ग्रंथालयात थांबतात, ताई त्यांच्याबरोबर असतात, घरी फोन जातो. गेल्या पावसाळ्यात हे दोनदा झालं. हे ताई त्या आईला सांगतात, आपला नंबर एका चिठ्ठीवर लिहून देतात. बाई चिठ्ठी कमरेच्या बटव्यात ठेवते. फाईल पिशवीत आणि चिठ्ठी बटव्यात, हे मी बघते.

त्या गेल्यावर आम्ही सादरीकरण पुन्हा उघडतो. आता कुणाला फारसं सांगावं लागत नाही. विद्यापीठाची ओळख खाली सरकते. नवी पहिली स्लाइड आयटीचे सर तिथेच बनवतात : कर्जतकडून येणाऱ्या आणि कर्जतकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. त्यापुढे कोणत्या गाडीने आलं की कोणता तास मिळतो, आणि कोणता तास सुटल्यावर कोणती गाडी. खाली ठळक ओळ : गाडी बंद पडल्यास ग्रंथालयात थांबावे. दुसरी स्लाइड : कार्यालय, ग्रंथालय, पाण्याची टाकी, शौचालय यांचा नकाशा. तिसरी : बचत गटाचं पासबुक. आद्याक्षरांची यादी शेवटी जाते. ती फाईलमध्ये छापलेली आहेच.

“आणि गाडीच्या स्लाइडवर माझी एक ओळ बसेल,” इतिहासाचे सर हळूच म्हणतात. या वेळी ती बसते. १८५६, खोपोलीला गाडी. १८५७, मुंबई विद्यापीठ.

प्राचार्य फेरी मारायला येतात. पहिली स्लाइड बघतात, चष्मा वर करतात. “विद्यापीठाचं बोधचिन्ह कुठे गेलं?”

“चौथ्यावर आहे, सर.”

ते पुन्हा गाड्यांच्या वेळांकडे बघतात. “मग दहाला कार्यक्रम कसा सुरू होईल? या गाडीने येणारे स्टेशनवरून चालत येतील तेव्हा दहा वाजून गेलेले असतील.” आम्ही आठवडाभर पत्रिका, पाहुणे, समई, तेल आणि वातींची मोजदाद केली. हे गणित आम्ही कुणीच केलं नव्हतं. ७५ टक्के हजेरीचा नियम उद्या आम्हीच वाचून दाखवणार, आणि पहिल्याच दिवशी निम्म्या मुलांना उशिरा आत यायला लावणार होतो.

नव्या मुलांना विद्यापीठ समजायला वर्ष लागतं, त्याची घाई नाही. आपण इथे वेळेवर पोहोचू आणि वेळेवर घरी जाऊ, हे त्यांना पहिल्या दिवशी कळलं पाहिजे. बाकीचं ती हळूहळू शिकतात, बऱ्याचदा एकमेकांकडून.

वीज येते. पत्र्यांवरचा आवाज उतरला आहे. फ्लेक्स मंचामागे चढवला जातो. चिकटवलेली दुसरी वेलांटी जवळून जरा जाड दिसते, शेवटच्या रांगेतून कळत नाही. स्वयंसेवक दप्तरं गोळा करतात, कारण त्यांचीही गाडी आहे. मामा कार्यालयाबाहेरचा फळा ओल्या फडक्याने पुसतात, आणि मी खडू घेऊन सूचना नव्याने लिहिते :

‘प्रथम वर्षाचा कार्यक्रम उद्या सकाळी १०.३० वाजता. गाडीला उशीर झाल्यास थांबू. पालक आले तरी चालतील. गणवेश नाही. डबा आणावा. दीड वाजता सोडू.’