समासातली तारीख

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कुणाच्या घरी दुःख झाले, की शेजारी पूर्वी पिठलंभात आणून देत. आता पुस्तके आणून देतात. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली, तेव्हा वर्षभरात माझ्या टेबलावर मनाविषयीच्या पुस्तकांची चळत उभी राहिली. भाच्याने न्यायमंदिराजवळून तीन आणली, विहीणबाईंनी एक पाठविले, दोन मीच पदरमोड करून घेतली. मनःशांती, व्यक्तिमत्त्व-विकास, आत्मसाक्षात्कार! एकात तर एकवीस दिवसांचे वेळापत्रकच होते. मी पडलो मास्तर. वेळापत्रक इमानाने पाळले. बाविसाव्या दिवशी पहाटे तीनला डोळे उघडले, ते रोजच्यासारखेच.

ही पुस्तके वाईट होती असे नव्हे. पण सारी एकाच सुरात बोलत. लिहिणाऱ्याला सगळे आधीपासून ठाऊक. त्याची स्वतःची झोप कधी उडाली होती की नाही, याचा काही पत्ता लागत नसे. मला नेमके काय खटकते आहे, हे मात्र वडिलांचे कपाट उघडले तेव्हा कळले.

बडोद्याची ती पिढीच निराळी. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून राज्यभर वाचनालये उभी केली, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरविल्या. त्या हवेत वाढलेले आमचे वडील पगार झाला की आधी पुस्तक घेत. मग आईशी बोलाचाली. त्या कपाटात विल्यम जेम्स यांचे ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपीरियन्स’ होते. १९०१-०२ मध्ये एडिंबरोला दिलेली ही वीस व्याख्याने. जेम्स वैद्यक शिकलेले, मानसशास्त्राचे मोठे आचार्य. धर्म ते पोथीवरून किंवा देवळावरून ठरवीत नाहीत. माणसांनी आपल्या अनुभवाच्या लिहून ठेवलेल्या हकीकती पुढे मांडतात, आणि अनुभवाची पारख त्याला पुढच्या आयुष्यात काय फळ आले यावरून करा म्हणतात. इंग्रजी जुन्या वळणाचे आहे, उतारे लांबच लांब आहेत. काही मी सरळ गाळले.

रुग्ण आत्म्यावरच्या व्याख्यानात एका फ्रेंच माणसाची हकीकत येते. तिन्हीसांजेला तो खोलीत जातो, आणि एकाएकी त्याला स्वतःच्या अस्तित्वाचीच भीती वाटू लागते. वेड्यांच्या इस्पितळात पाहिलेला एक हिरवट कातडीचा तरुण त्याच्या डोळ्यांपुढे येतो, आणि वाटते, हा तर मीच होऊ शकेन. पुढे कित्येक महिने त्याला अंधारात एकट्याने बाहेर जाववत नाही. हा फ्रेंच माणूस कोण? १९०४ मध्ये जेम्स यांनी आपल्या फ्रेंच अनुवादकाला कळविले, की ती हकीकत त्यांची स्वतःचीच आहे.

त्या पानाच्या समासात वडिलांची पेन्सिलची रेघ होती, आणि खाली बारीक अक्षरात एक तारीख. माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा होऊन गेला, त्यानंतर तीन महिन्यांनी आलेली. त्या मुलाबद्दल वडील आमच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. वेळेवर कचेरीत जात, हिशेब लिहीत, आम्हांला रागावत. पुस्तक मांडीवर घेऊन मी उजाडेपर्यंत बसून राहिलो.

तेव्हापासून पुस्तक हातात घेतले की मी एवढेच पाहतो, की लिहिणाऱ्याने त्याची किंमत स्वतः मोजली आहे काय. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी मोजली होती. नाझींच्या छळछावण्यांत त्यांची पत्नी, आई, वडील, भाऊ गेले. सुटल्यावर १९४५ मध्ये त्यांनी नऊ दिवसांत एक लहानसे पुस्तक लिहिले. ते निनावी, नुसत्या कैदी-क्रमांकावर छापावे असा त्यांचा विचार होता. ते आता मराठीतही मिळते. पूर्वार्ध, म्हणजे छावणीचा भाग, दोनदा वाचावा. उत्तरार्धातली उपचारपद्धती घाईत वाचली तरी चालेल.

आणि मग घरचेच धन. जमखंडीला जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे यांचे ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ १९३३ मध्ये निघाले. संतांची त्यांनी केलेली वर्गवारी मला जरा जास्तच नेटकी वाटते. ज्ञानेश्वर एका खणात, रामदास दुसऱ्या. पण तुकोबांच्या साक्षात्काराआधीची काळोखी रात्र, तो तळमळीचा आणि निराशेचा काळ, ते अभंगांच्या आधाराने सविस्तर मांडतात, तिथे मी थबकलो. आमच्या घरी गाथा देव्हाऱ्याजवळ असे. मी ती एकादशीला वाचली, शाळेत शिकविली, कीर्तनात ऐकली. दुष्काळात जिची बायको अन्नावाचून गेली त्या माणसाने हे लिहिले आहे, हे मला ठाऊक होते; पण तसे समजून मी एकही अभंग वाचला नव्हता. पत्नीच्या वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदा वाचला.

परवा भाचा आला. त्याची नोकरी सुटली आहे. बोलत नाही फारसा. चळतीकडे पाहून म्हणाला, “मामा, यातले एखादे नेऊ?” मी ती चळत तशीच राहू दिली आणि गाथा त्याच्या पिशवीत घातली. जेम्स मागितला तेव्हा मात्र म्हणालो, “तो इथेच बसून वाच.” दोन रविवार झाले, येतो, वाचतो, चहा घेऊन जातो. समासातल्या तारखेबद्दल अजून त्याने विचारलेले नाही.