८०८५ आणि असेंब्ली भाषेचे शिक्षण
छत्रपती संभाजीनगर येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतून इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना संगणकाच्या अंतरंगाची ओळख दीर्घकाळ करून दिली ती इंटेलने १९७६ मध्ये आणलेल्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरने. हा प्रोसेसर एका वेळी ८ बिटांवर, म्हणजे ० किंवा १ अशा आठ द्विमान अंकांवर, क्रिया करतो आणि १६ पत्तावाहिन्यांमुळे स्मृतीतील ६५,५३६ स्थानांपर्यंत पोहोचतो.

त्याला केवळ अंकरूपी यंत्रभाषा कळते. ती लक्षात ठेवणे अवघड असल्याने प्रत्येक आज्ञेला अक्षरी संक्षेप दिलेला असतो, आणि अशा संक्षेपांनी बनलेली भाषा म्हणजे असेंब्ली. उदाहरणार्थ, ‘एमव्हीआय ए, ०५’ ही आज्ञा ॲक्युम्युलेटर या मुख्य रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधील तात्पुरत्या साठवणीच्या जागेत, ५ हा अंक ठेवते आणि तिचे यंत्ररूप षोडशमान (१६ या पायावरील) पद्धतीत ‘३ई ०५’ असे होते.

ट्रेनर किटवर, म्हणजे या प्रोसेसरच्या सराव-संचावर, काम करताना विद्यार्थी प्रथम वहीत आज्ञा लिहितो, तक्त्यावरून त्यांचे संकेतांक शोधतो, ते कळा दाबून स्मृतीत एकेक करून भरतो आणि मग उत्तर तपासतो. ८०८५ मध्ये गुणाकाराची स्वतंत्र आज्ञा नसल्यामुळे तो पुनःपुन्हा बेरीज करून साधावा लागतो, आणि अशा प्रत्येक पायरीचा विचार स्वतः करावा लागत असल्यानेच आजच्या प्रगत भाषा ज्या पायावर उभ्या आहेत, तो पाया विद्यार्थ्याला खऱ्या अर्थाने उमगतो.