दुसऱ्यांदा पाहिला... आणि सॉरी म्हटलं!

एखादा पिक्चर पहिल्याच भेटीत डोक्यात जातो. आपण त्याच्यावर कायमची फुली मारून मोकळे! पण फुली मारण्याआधी आपण तो खरंच बघितलेला असतो का?

'पकाऊ!'

मल्टिप्लेक्सच्या जिन्यावरच मी एका शब्दात निकाल देऊन टाकला. एप्रिल २०१५. बारावीची परीक्षा संपलेली, फुल टू सुट्टीचा मूड आणि बाबा मला घेऊन गेले होते 'कोर्ट'ला.

आता हे तसं आक्रीतच होतं. आमच्या घरी पिक्चर कोणता बघायचा, हे बाबांनी कधीच ठरवलं नव्हतं. सगळी नोकरी कोर्टात, क्लार्क म्हणून. सकाळी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी चहा घेऊन खुर्चीत गप्प बसायचे. यावेळी मात्र पेपरात वाचून त्यांनी स्वतःहून तिकिटं काढली होती. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिलाच सिनेमा. २०१४मध्ये व्हेनिसला दोन अवॉर्ड्स, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार... म्हणजे माझ्या अपेक्षा एकदम हाय! कोर्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर 'दामिनी'तला गरजणारा सनी देओल. ऐनवेळी सापडलेला पुरावा, टाळ्या, शिट्ट्या!

आणि पडद्यावर काय? कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसलेला. लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. सरकारी वकील बाई एका सुरात कलमं वाचतायत. मग पुढची तारीख. मग त्याच बाई ट्रेनने घरी जातात, स्वयंपाक करतात. अहो, पण केसचं काय झालं? शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे बंद होतात. पडदा काळाकुट्ट.

'संपला एकदाचा!' म्हणत मी उठले आणि थेट लॉबीत. बाबा काही मिनिटांनी आले. एवढा वेळ आत काय करत होतात, हेही मी विचारलं नाही. स्कूटरवर घरी येईपर्यंत माझी टकळी चालू. बाबा एवढंच म्हणाले, 'असंच असतं गं.' त्यानंतर त्यांनी कधी पिक्चरचं नाव काढलं नाही.

माझीही तारीख

२०२३मध्ये माझ्यासमोर एक अपघात झाला. मी पोलिसांना जबाब दिला आणि काही महिन्यांनी साक्षीसाठी समन्स आलं. पहिल्या तारखेला साहेब रजेवर. दुसऱ्या तारखेला आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. तिसऱ्या वेळी पुकारा होईपर्यंत संध्याकाळ झाली. पुन्हा पुढची तारीख!

तिन्ही दिवस मी मागच्या बाकावर बसून होते. शेजारी एक मावशी. दोन एसटी बदलून आल्या होत्या, डबाही तिथेच उघडला. त्यांना तारीख सांगायला क्लार्कला जेमतेम पाच सेकंद लागली. गंमत म्हणजे तिथे कुणी दुष्ट नव्हतं. सगळे आपापलं काम करत होते, दमलेले होते, मधूनच घड्याळ बघत होते. आणि मावशी पिशवी उचलून निघाल्या.

हे मी कुठे पाहिलंय? एकदम ट्यूब पेटली. 'कोर्ट'मधला तो न हलणारा कॅमेरा म्हणजे हाच तर बाक!

त्याच रात्री लॅपटॉपवर सिनेमा लावला. मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते, तो सीन पहिल्या वेळी मी मोबाइल बघण्यात घालवला होता. नवरा मास्क वगैरे काही न घालता गटारात उतरायचा. आधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली, तर आत हवा आहे! ना रडारड, ना बॅकग्राउंड म्युझिक. बाई फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. मला लॅपटॉप थांबवून पाणी प्यावं लागलं. आणि ज्या स्वयंपाकामुळे मी वैतागले होते, तो किती नेमका! कुणाच्या तरी तुरुंगवासासाठी भांडणाऱ्या बाईलाही रात्री कुकर लावायचा असतोच की.

मग दिवे बंद झाले. पडदा काळा. यावेळी मी बसून राहिले... आणि सिनेमा पुढे सुरू झाला! सुट्टीत न्यायाधीश काय करतात, ते त्यात आहे. सांगत नाही, स्वतःच बघा. पण विचार करा, आठ वर्षं मी ज्या सिनेमाला नावं ठेवली, त्याचा शेवटच मी पाहिलेला नव्हता!

मी एकटीच नाही

अख्ख्या पब्लिकचीही अशी चूक होते. 'अंदाज अपना अपना' १९९४मध्ये थिएटरात आपटला. नंतर टीव्हीवर बघून बघून त्याचे डायलॉग लोकांना पाठ झाले. 'द शॉशँक रिडेम्प्शन'लाही त्याच वर्षी थिएटरात गर्दी नव्हती. ऑस्करची सात नॉमिनेशन्स मिळाली, हातात एकही नाही. पुढे व्हिडिओ आणि टीव्हीने त्याला घराघरात नेलं. आणि आपला 'तुंबाड'! २०१८मध्ये आला, फारशी गर्दी झाली नाही. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. सिनेमा तोच, फ्रेम न् फ्रेम तीच. फरक एवढाच, की यावेळी लोक काय बघायला चाललोय हे माहीत असून आले.

अर्थात, प्रत्येक पकाऊ पिक्चरमध्ये हिरा दडलेला नसतो. काही मी तिसऱ्यांदाही पाहिलेत. तिसऱ्यांदाही झोप लागली!

बाबांसोबत, टेक टू

मागच्या महिन्यात 'कोर्ट' पुन्हा लावला, बाबांना शेजारी बसवून. ते आता रिटायर्ड आहेत. न्यायाधीश साक्षीचा मजकूर सांगतात, टायपिंग चालू असतं, तिथे बाबांनी रिमोट मागून घेतला आणि सीन थांबवला.

'साक्ष कुणाचीही असो, सगळी या हातांतून जाते. रडणारी, खोटं बोलणारी, सगळी,' ते म्हणाले. 'आणि मग घरी यायचं.'

दोन्ही वेळा मी वकिलांकडे बघत बसले होते. बाबा पहिल्या दिवसापासून त्या टायपिंगकडे बघत होते. त्यांना मला त्यांचं ऑफिस दाखवायचं होतं, आणि मी लॉबीत निघून गेले होते.

'सॉरी, बाबा,' मी म्हटलं.

'अगं, पुढचं बघू दे,' म्हणून त्यांनी प्ले दाबलं.

येत्या शनिवारचा पिक्चर तेच ठरवणार आहेत.

सेकंड चान्स देताना...

* पहिल्या वेळी पिक्चर आवडला नव्हता, की त्या दिवशी मूडच खराब होता, ते आठवून बघा.
* ट्रेलर, अवॉर्ड्स आणि मित्रांची बडबड विसरून जा.
* ज्याला तो आवडलाय, त्याच्याच शेजारी बसून बघा.
* पडदा काळा झाला, तरी लगेच उठू नका!