काहील तेवढीच आहे

पन्हाळा तालुक्यातल्या या गुऱ्हाळघरात पहाटेपासून चरक घरघरतोय. एक जण त्यात ऊस सारतोय, दुसरा मागून पडणारी चिपाडं वाळत घालायला ओढून नेतोय. रस टाकीतून काहिलीत उतरतोय. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला जळव्या वाळकी चिपाडं आत लोटतोय आणि भेंडीच्या चिकानं वर आलेली काळपट मळी गुळव्या झाऱ्यानं काढून टाकतोय.

गुळाला भाव बरा आहे, म्हणून मालकांनी आज चरकावर दोन माणसं जादा लावली आहेत. पहिल्याचा उपयोग लगेच दिसतो. तो मोळ्या सोडून ऊस हाताशी देतो, त्यामुळे चरक क्षणभरही रिकामा फिरत नाही. दुसराही तितकाच राबतोय, पण टाकी काठोकाठ भरल्यावर त्यालाही थांबावं लागतं.

"रस काय माणसं बघून आटत न्हाई, मालक," गुळव्या म्हणतो. "काहील हाय तेवढीच हाय."

एक आदण उतरायला दोन-तीन तास लागतात. पाक साधारण ११८ अंशांपर्यंत तापल्याशिवाय गूळ धरत नाही. इकडे टाकीत रस जास्त वेळ राहिला तर आंबतो आणि अशा रसाची ढेप मऊ पडते. म्हणजे एका मर्यादेपुढे जादा हात नुसते निरुपयोगी ठरत नाहीत, ते माल बिघडवूही शकतात.

मी मालकांसमोर हिशोब मांडतो. हजेरी ६०० रुपये धरू. पहिल्या जादा माणसामुळे दिवसाला ६० किलो गूळ वाढला, तर वाढीव किलोमागे मजुरी पडली १० रुपये. दुसऱ्यामुळे १५ किलोच वाढला, तर तीच मजुरी ४० रुपयांवर गेली. किलोभर गुळाला लागणाऱ्या आठ-नऊ किलो उसाचे पैसे वेगळेच. हजेरी एका रुपयानंही वाढली नाही, तरी गूळ महाग पडू लागला.

अर्थशास्त्रात याला घटत्या फलाचा नियम म्हणतात. १८१५ साली इंग्लंडात धान्याच्या आयातीवरून वाद पेटला, तेव्हा माल्थस, वेस्ट आणि रिकार्डो या तिघांनीही तो शेतजमिनीबाबत मांडला. त्यांच्यापुढे जमीन मर्यादित होती, इथे काहील आहे.

मालक आकड्यांवर बोट ठेवून विचारतात, "मग हा दुसरा कामचुकार म्हणायचा का?"

"नाही. दोघांची जागा बदलून बघा, आकडे हेच येतील."

ते मान डोलावतात आणि दुसऱ्याला चिपाडं वाळवायच्या कामावर पाठवतात. ओल्या चिपाडांनी जाळ मंदावतो, तेव्हा तिथे त्याच्या कष्टाचं चीज होईल. नव्या काहिलीचा खर्च झेपला, तर हाच माणूस चरकावरही पुन्हा परवडेल.

खर्च वाढला की पहिला ठपका मजुरावर येतो आणि पहिली कात्रीही त्याच्याच हजेरीला लागते. हा अन्याय आहे. हजेरीला हात लावण्याआधी काम नेमकं कुठे तुंबलंय, हे मालकानं स्वतः उभं राहून पाहायला हवं.