दहा रुपयांचा मोगरा

रत्नागिरी शहराला खेटून असलेल्या मिरजोळ्यात किराणा दुकानातून अगरबत्तीचा स्वस्तातला पुडा घेतला, तर त्यावर मोगरा, चंदन, केवडा ही ओळखीची नावं असतात. त्यांच्या शेजारी हल्ली लॅव्हेंडर, व्हॅनिला आणि ‘ओशन’ही येऊन बसले आहेत. दहा रुपयांत खरं फूल येत नाही, हे घेणाऱ्यालाही कळतं. म्हणूनच ‘सगळं केमिकल’ म्हणत या काड्यांना नाकं मुरडली जातात. मला वाटतं, हा राग चुकीच्या जागी निघतो. सुवास कारखान्यात तयार झाला यात काडीचा काही अपराध नाही. तपासायचा तो धूर, आणि पुड्यावर काय छापलंय तेही.

आधी हिशोब पाहू. हजार किलो चमेलीच्या फुलांतून जेमतेम दीड किलोच्या आसपास शुद्ध अर्क हाती लागतो. एक किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार टन फुलं लागतात. इतकं लांब तरी कशाला जायचं? वेंगुर्ले तालुक्यात आरवली-आसोलीच्या पट्ट्यात सुरंगीच्या कळ्या पहाटे झाडावर चढून काढतात, वाळवतात आणि सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांना विकतात. त्या मेहनतीचं मोल रुपयाच्या आतल्या काडीत बसणं शक्यच नाही. स्वस्त काडी बनते ती अशी: कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी झाडाच्या सालीची पूड, म्हणजे जिगट, हे सारं मळून बांबूच्या काडीवर चढवायचं. ही बिनवासाची कच्ची बत्ती वाळली की ती सुगंधात बुडवायची. तो सुगंध पातळ करायला बहुधा डायइथाइल थॅलेट वापरतात, कारण ते स्वस्त असतं आणि त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो.

पण कृत्रिम म्हणजे खोटा असं समीकरण मांडता येत नाही. चमेलीच्या फुलात बेंझिल ॲसिटेट आणि लिनालूल असतं. कारखान्यात बनतं तेही तेच बेंझिल ॲसिटेट, आणि नाकाला त्याचा जन्मदाखला कळत नाही. फरक पडतो तो संख्येत. फुलात अशी शेकडो द्रव्यं मिसळलेली असतात, काडीत मोजकीच. म्हणून काडीचा मोगरा सपाट वाटतो. शिवाय ही विद्या आजकालची नाही. रसायनतज्ज्ञ पर्किनने कुमारिन हे सुगंधी द्रव्य १८६८ मध्ये बनवलं, आणि व्हॅनिलिन त्यानंतर सहा वर्षांनी आलं. ‘ओशन’ मात्र खरोखर नवा. या प्रकारच्या सुगंधांचा पाया घातला १९६६ मध्ये फायझरच्या रसायनतज्ज्ञांनी शोधलेल्या कॅलोनने. त्याचा वास कलिंगडाच्या फोडीला जवळचा आहे. ज्यांना समुद्र म्हणजे खाजणाचा चिखल आणि वाळत घातलेली सुकट, त्या रत्नागिरीकरांना यात समुद्र सापडणार नाही. एक ताजा, थंडसा वास म्हणून मात्र तो छान आहे, आणि तेवढ्यावरच त्याला जोखावं.

देवापुढे कृत्रिम वस्तू कशी लावायची, असा आक्षेप येतो. त्यामागच्या भावनेचा मला आदर आहे, पण आरतीचा कापूर आठवावा. बाजारातला बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण तो भक्तिभावाने जाळत आलो आहोत. दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो अधिक वजनदार. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत जातात, तर एक ग्रॅम सिगारेटमधून सुमारे १०, असं मोजमाप प्रसिद्ध आहे. सिंगापूरमध्ये एकसष्ट हजारांहून अधिक चिनी रहिवाशांच्या पाहणीत दीर्घकाळच्या धूपवापराचा श्वसनमार्गाच्या वरच्या भागातल्या कर्करोगांशी संबंध दिसला. ती २००८ मध्ये छापून आली. पण कोळसा, भुसा आणि बांबू जळला की कण होणारच, मग वर ओतलेलं अत्तर खरं असो वा बनावट. ‘नैसर्गिक’ शब्दाने धूर निवळत नाही. धुराहून वेगळा एक धोकाही आहे: डास पळवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननोंदणीच्या बत्त्यांतलं कीटकनाशक. भारतीय मानक ब्यूरोचं अगरबत्तीसाठीचं मानक डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. त्यात ॲलेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकांना आणि काही सुगंधी रसायनांनाही मनाई आहे. पुडा घेताना वासाच्या नावाआधी तो या मानकाचा आहे का, हे पाहायला हवं.

स्वस्त काड्या पारखायच्या, तर काडी जळते कशी ते समजून घ्यावं. सुवास निखाऱ्यातून येत नाही. निखाऱ्याच्या लगत तापलेल्या पट्ट्यातून तो वाफ होऊन सुटतो. लिंबू-संत्र्याचे हलके वास त्याआधीच, पुड्यात पडल्या पडल्या उडून जातात. व्हॅनिला, कस्तुरी, चंदनासारखे जड वास टिकतात, म्हणून कमी पैशांत तेच घ्यावेत. न पेटवलेली काडी हुंगून निवड करू नये. कोकणातल्या पावसात सादळलेली काडी धुमसते आणि दोष सुगंधाला लागतो, तेव्हा पारख दिवाळीच्या कोरड्या हवेतच करावी. खिडकी उघडी ठेवून एकच काडी लावावी, बाहेर जावं आणि ती विझल्यावर तासाभराने खोलीत परतावं. तेव्हा जो वास उरलेला असेल तोच आपण विकत घेतलेला. घसा खवखवला किंवा डोळे चुरचुरले, तर तो पुडा संपवायचा हट्ट धरू नये.