सामाईक खोलींतील झोप

मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं पुण्यास जावयाचें ठरलें म्हणजे घरांतील वडील मंडळी खोलीचें भाडें विचारतात, मेसचा डबा कसा असतो हें विचारतात, महाविद्यालय किती दूर आहे याचीहि चौकशी करितात. तेथें झोप कशी लागेल, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. चरकसंहितेंत शरीराचे जे तीन उपस्तंभ सांगितले आहेत, त्यांत आहाराच्या शेजारींच निद्रेला स्थान आहे. पण पहिल्या खांबाची एवढी काळजी वाहणारी आपली मंडळी दुसऱ्याकडे ढुंकूनहि पाहत नाहींत.

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत ‘कॉट बेसिस’ नांवाची जी पद्धत रूढ आहे, ती वाचकांस ठाऊक असेलच. भाडें खोलीचें नव्हे, खाटेचें. एका खोलींत तीन-चार खाटा, एक पंखा, एक दिवा, आणि परस्परांस पूर्वीं कधीं न पाहिलेले तितकेच जीव! आमच्या भाच्याचा मुलगा स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासासाठीं अशाच एका खोलींत राहिला. तेथें एकजण रात्रीं दोनपर्यंत दिवा लावून वाची. दुसरा अभ्यासिकेंत लवकर जाण्यासाठीं पांचचा गजर लावी, वाजला कीं बंद करून पुन्हां निजे, आणि दहा मिनिटांनीं तोच प्रकार. तिसरा अंधारांत मोबाइलवर तासन्‌तास कुजबुजे. दोन आणि पांच यांमध्यें तास किती, हें सांगावयास गणिताचा शिक्षक नको. दोन महिन्यांत मुलगा उतरला, सकाळीं वाचलेलें पान संध्याकाळीं आठवेना, आणि कोणाशीं बोलेना. “परीक्षेचा नाद सोडून घरीं येतों,” असें त्यानें फोनवर म्हटलें, तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला.

यावर आमच्या पिढीचे लोक म्हणतात, “आम्ही वाड्यांत बारा माणसांत निजलों, आम्हांस नाहीं तो त्रास झाला!” प्रश्न रास्त आहे, पण त्याचें उत्तरहि आहे. आजोबांचें घोरणें, पाळण्याची करकर, पहाटे बंब पेटवितांनाची खडबड हे आवाज जन्मापासून ओळखीचे असत. निजलेल्या माणसाचा मेंदू ऐकतो, आणि ऐकलेल्यांतून निवडहि करितो. ऑस्वाल्ड, टेलर व ट्रीझमन या संशोधकांनीं १९६० सालीं निजलेल्या माणसांस निरनिराळीं नांवें ऐकविलीं, तेव्हां स्वतःच्या नांवाला मेंदू अधिक प्रतिसाद देतो असें आढळून आलें. आवाज किती मोठा एवढाच प्रश्न नसतो. तो कोणाचा व कशाचा, हाहि असतो. शिवाय वाड्यांत “पुरे आतां, दिवा मालव” असें म्हणणारें कोणी तरी असे. खाटांच्या खोलींत तो अधिकार कोणालाच नाहीं.

या अधिकाराचें महत्त्व केवढें, तें ग्लास व सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांवरून दिसतें. ते १९७२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. कांहीं लोकांस कर्कश गोंगाट ऐकविला. त्यांतील कांहींच्या हाताशीं एक बटण ठेवून सांगितलें, ‘अगदींच असह्य झालें तर दाबा.’ बहुतेकांनीं तें दाबलें नाहीं. तरीहि पुढें दिलेल्या कामांत बटणवाल्यांच्या चुका कमी झाल्या. आवाज तोच, परंतु तो थांबवितां येईल हा विश्वास निराळा.

म्हणून आमच्या मतें पहिला उपाय कानांत कांहीं घालणें हा नसून तोंड उघडणें हा आहे. पण मध्यरात्रीं नव्हे. रात्रीं दोन वाजतां अंथरुणावर उठून बसून बोललेलें वाक्य कितीहि न्याय्य असो, त्याचें भांडणच होतें. रविवारीं चहाच्या वेळीं, ‘तूं त्रास देतोस’ असें न म्हणतां, ‘मला साडेअकराला निजावें लागतें, तुझें वाचन कसें बसवूं या?’ असें विचारावें. आमच्या मुलानें असेंच केलें, तेव्हां दोनपर्यंत वाचणारा निमूटपणें रात्रभर उघड्या असणाऱ्या अभ्यासिकेंत जाऊं लागला. त्रास होतो हें त्या बिचाऱ्यास ठाऊकच नव्हतें! गजर एकच, तोहि उशीखालीं थरथरणारा, असें ठरलें. कुजबुज गच्चीवर गेली. पहाटे निघणाऱ्यानें पिशवी रात्रींच भरून ठेवावी, हा नियमहि आम्ही सुचवितों. प्लास्टिकच्या पिशवीची पहाटेची चुरचुर नगाऱ्याहून वाईट. घरच्या मंडळींनींहि रात्रीं साडेदहानंतर फोन करूं नये.

कायद्याचा येथें उपयोग थोडा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळेसाठीं निवासी भागांत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण दोन खाटांमधील अंतरांत तो शिरत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं निजावयाच्या खोलींत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलपेक्षां अधिक नसावा असें सुचविलें.

एवढें करूनहि जो आवाज उरेल, त्यासाठीं फोमचे कर्णरोधक मिळतात. साध्या कापसाच्या बोळ्यानें फारसें कांहीं अडत नाहीं. कर्णरोधक बोटांनीं दाबून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर व मागें ओढावा, तो आंत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावा. बहुतेकजण तो नुसता तोंडाशीं टेकवितात आणि निरुपयोगी म्हणून टाकून देतात. हात स्वच्छ हवेत, आणि कान दुखत वा वाहत असेल तर तो वापरूं नये.

घोरणाऱ्याशीं मात्र करार करून भागत नाहीं. कुशीवर निजल्यानें पुष्कळांचें घोरणें कमी होतें. पण घोरतां घोरतां त्याचा श्वास मध्येंच थांबून मग तो गुदमरल्यासारखा दचकत असेल, तर तो रोग असूं शकतो. डॉक्टरांस दाखविणें अवश्य आहे. रोग्यास स्वतःस तें दिसत नाहीं. साक्षीदार एकच, जागा असलेला सोबती; त्यानें थट्टा न करितां सकाळीं नीट सांगावें.

इतकें करूनहि जमलें नाहीं, तर खोली बदलावी. अनामत परत केव्हां मिळते व किती दिवस आधीं सांगावें लागतें, हें प्रवेशाच्या दिवशींच विचारून ठेवावें. नवी खोली पाहावयास शक्य तर रात्रीं नऊनंतर जावें, आणि मालकाशीं बोलण्यापूर्वीं तेथें राहणाऱ्यांस दोनच प्रश्न करावेत: निजतां केव्हां, आणि उठतां केव्हां?