छतावर अरबी अक्षरे, खाली लॅटिन प्रार्थना
पालेर्मोच्या राजवाड्यातील नऊशे वर्षांच्या चर्चची कहाणी

इटलीतील जुन्या चर्चचा विषय निघाला की रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स ही नावे पहिल्यांदा आठवतात. आज आम्ही वाचकांना नेत आहोत त्यांच्याही बऱ्याच दक्षिणेला, सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात. तेथील जुन्या राजवाड्याच्या पहिल्या मजल्यावर 'कापेला पालातिना' नावाचे चर्च आहे. नावाचा अर्थ साधा आहे : राजवाड्यातले प्रार्थनागृह. भिंतींवर सोनेरी पार्श्वभूमीवर ख्रिस्ती धर्मातील प्रसंग आहेत, त्यांच्याभोवती ग्रीक आणि लॅटिन अक्षरे आहेत. पण मान वर करून छताकडे पाहावे, तर तेथे कूफी लिपीत अरबी शब्द लिहिलेले आहेत. इक्बाल, कमाल, जमाल, सलामत. आपल्याकडे मुलांची नावे ठेवताना घेतले जाणारे हे शब्द एका चर्चच्या छतावर कसे पोहोचले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना अभिमान वाटावा असे बरेच काही हाती लागते, आणि मन अस्वस्थ करणारेही. दोन्ही सांगितल्याशिवाय ही कहाणी पूर्ण होत नाही.

बेटाने पाहिलेली राज्ये

सिसिली हे भूमध्य समुद्राच्या मध्यावरचे बेट. उत्तरेला इटली, दक्षिणेला ट्युनिशियाचा किनारा. साहजिकच ज्याचे आरमार बळकट, त्याचे या बेटावर लक्ष. इ. स. ८२७ मध्ये अग़्लबी घराण्याचे सैन्य काजी असद इब्न अल-फुरात यांच्या नेतृत्वाखाली येथे उतरले. त्या वेळी बेटावर बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची सत्ता होती. ८३१ मध्ये पालेर्मो मुसलमानांच्या ताब्यात आले आणि बेटाची राजधानी बनले. पुढे फातिमी खलिफांच्या वतीने कल्बी घराण्याने कारभार पाहिला. दहाव्या शतकात इब्न हौकल हा प्रवासी येथे आला, तेव्हा त्याने शहरात तीनशेहून अधिक मशिदी असल्याची नोंद केली.

अकराव्या शतकात आपसातील भांडणांनी हे राज्य पोखरले. त्याचा फायदा उत्तर फ्रान्समधून इटलीत आलेल्या नॉर्मन सरदारांनी घेतला. १०६१ मध्ये त्यांनी मेसिना घेतले, १०७२ मध्ये पालेर्मो, आणि १०९१ पर्यंत संपूर्ण बेट. पण जिंकले म्हणजे चालवता येते असे नाही. जमिनीच्या नोंदी, करवसुली, पाटबंधारे, बाजार या साऱ्यांची माहिती असलेली माणसे अरबी भाषक होती. नॉर्मन संख्येने थोडे होते. त्यांनी ही व्यवस्था मोडली नाही, वापरली.

या घराण्यातील रॉजर दुसरा याने ११३० च्या नाताळात पालेर्मोमध्ये राजमुकुट धारण केला. नवे राज्य, नवा मुकुट, आणि तो मान्य नसलेले शत्रू चहूकडे. त्याची प्रजा लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत बोलणारी. आपण या सर्वांचे राजे आहोत, हे त्याला जगाला दाखवायचे होते. ते त्याने एका इमारतीतून दाखवले. ११४० मध्ये हे प्रार्थनागृह सेंट पीटर यांच्या नावे अर्पण झाले. घुमटाखालच्या लेखात ११४३ हे साल आहे.

तीन परंपरांची एक वास्तू

चर्चचा आराखडा पाहिला तर या तीन परंपरा वेगवेगळ्या ओळखता येतात. लोक उभे राहतात तो भाग पश्चिम युरोपातील चर्चसारखा लांबट आहे. स्तंभांच्या दोन ओळींनी त्याचे तीन भाग केले आहेत. स्तंभ ग्रॅनाईट आणि संगमरवराचे, जुन्या इमारतींमधून आणून पुन्हा वापरलेले. त्यांवरच्या कमानी मात्र टोकदार आहेत. तशा कमानी काहिरा आणि उत्तर आफ्रिकेतल्या मशिदींत दिसतात.

वेदीचा भाग बायझंटाईन पद्धतीचा. वर घुमट, आणि घुमटात मोझॅइक. मोझॅइक म्हणजे रंगीत आणि सोनेरी काचेचे लहान लहान चौकोनी तुकडे ओल्या गिलाव्यात बसवून केलेले चित्र. तुकडे किंचित तिरपे बसवलेले असल्याने दिव्याचा उजेड हलला की भिंतही हलल्यासारखी वाटते. घुमटाच्या मध्यावर हजरत ईसा (अ.) यांची ख्रिस्ती परंपरेतील प्रतिमा असून भोवती फरिश्ते आहेत. येथील लेख मुख्यतः ग्रीक भाषेत आहेत. मधल्या दालनाच्या भिंतींवरचे मोझॅइक नंतरच्या काळातले, त्यांचे लेख लॅटिन. त्यांत हजरत आदम, हजरत नूह आणि त्यांची नौका, हजरत इब्राहीम यांचे प्रसंग आहेत. म्हणजे कथा आपल्याही ओळखीच्या आहेत, फक्त त्या चितारण्याची रीत वेगळी.

जमीन रंगीत दगडांच्या भौमितिक नक्षीची. आणि वेदीच्या बरोबर समोर, पश्चिमेच्या टोकाला, राजाच्या सिंहासनाचा चौथरा आहे. एका टोकाला धर्म आणि दुसऱ्या टोकाला सत्ता, आणि प्रजा मध्ये उभी.

लाकडाचे आकाश

आता छताकडे येऊ. मधल्या दालनावर जे छत आहे त्याला 'मुकर्नस' म्हणतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी लहान लहान कोनाड्यांची थरावर थर रचना, वरून खाली उतरत येणारी. मुस्लिम जगात ही पद्धत दगडात, विटांत आणि गिलाव्यात सर्वत्र पसरली. येथे ती पातळ लाकडी फळ्यांत केलेली आहे. छताच्या मध्यभागी आठ टोकांच्या ताऱ्यांच्या दोन रांगा आहेत. ताऱ्यांच्या कडांवर कूफी लिपीत यश, सौंदर्य, पूर्णत्व, सुरक्षितता अशा शुभशब्दांची माळ आहे. हे शब्द राजासाठी आहेत.

कोनाड्यांच्या पृष्ठभागांवर शेकडो लहान चित्रे आहेत. वीणेसारखी वाद्ये वाजवणारे वादक, नर्तकी, पेला हातात धरून बसलेले दरबारी, कुस्ती खेळणारे मल्ल, उंट, हत्ती, सिंह, गरुड, मोर. पागोटे घातलेली दोन माणसे बुद्धिबळ खेळत बसली आहेत. बुद्धिबळाच्या सर्वांत जुन्या चित्रांत त्याची गणना होते. आपल्या भूमीत जन्मलेला हा खेळ इराण आणि अरबस्तानमार्गे भूमध्य समुद्रापर्यंत गेला, त्या प्रवासाचीही ही खूण आहे.

येथे काही वाचकांना प्रश्न पडेल. मुसलमान कारागिरांनी माणसांची आणि मद्याच्या पेल्यांची चित्रे काढली, तीही प्रार्थनागृहात? याचे उत्तर असे की ही मशिदीची कला नव्हे, दरबाराची कला आहे. फातिमी काळातील इजिप्तमध्ये राजवाड्यांचे लाकूडकाम, हस्तिदंताच्या पेट्या आणि चमकदार मातीची भांडी अशाच चित्रांनी सजवली जात. रॉजरला ख्रिस्ती राजाचे देवघर तर हवे होतेच, पण त्यावर काहिराच्या खलिफांच्या महालासारखे छतही हवे होते. ते करणारे हात मुस्लिम जगातल्या कार्यशाळांत तयार झालेले होते. त्या कारागिरांची नावे इतिहासात उरलेली नाहीत. दुसऱ्याच्या सलामतीचे शब्द लिहिताना त्यांनी स्वतःचे नाव लिहिले नाही.

दरबारातील अरबी

अरबी फक्त छतावर नव्हती. चर्चजवळ भिंतीत बसवलेला एक शिलालेख आहे. रॉजरने बनवून घेतलेल्या वेळ मोजण्याच्या यंत्राची माहिती त्यावर लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत कोरली आहे. अरबी मजकुरात हिजरी ५३६ हे साल आहे. राजाच्या लाल रेशमी झग्यावर सोन्याच्या धाग्यांनी आणि मोत्यांनी उंटावर झेप घेणारा सिंह भरला आहे, आणि कडेने कूफी लेख आहे : हिजरी ५२८, राजधानी सिसिली. हा झगा पुढे जर्मन सम्राटांच्या राज्याभिषेकात वापरला गेला आणि आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे.

याच दरबारात अल-इद्रीसी या भूगोलतज्ज्ञाने आयुष्याची अनेक वर्षे काम केले. त्याने चांदीच्या मोठ्या तबकडीवर जगाचा नकाशा कोरवून घेतला, आणि सत्तर भागांतील नकाशांसह जगाच्या वर्णनाचा ग्रंथ ११५४ मध्ये पुरा केला. त्याच वर्षी रॉजर वारला.

इब्न जुबैर यांनी काय पाहिले

तीस वर्षांनी, ११८४ च्या डिसेंबरात, हज करून अंदलुसला परतणारे इब्न जुबैर यांचे जहाज मेसिनाजवळ फुटले. किनाऱ्यावर आणणाऱ्या होडीवाल्यांना देण्यासाठी गरीब मुसाफिरांकडे पैसे नव्हते. ते पैसे रॉजरचा नातू राजा विल्यम दुसरा याने दिले, असे ते लिहितात. त्यांनी पालेर्मोत मशिदी पाहिल्या, अजान ऐकली, मुसलमानांचे स्वतंत्र काजी पाहिले. नाताळात तेथील ख्रिस्ती स्त्रिया रेशमी वस्त्रे, रंगीत नकाब, दागिने आणि सुगंध लावून चर्चला जाताना पाहिल्या, आणि त्या मुसलमान स्त्रियांसारख्याच दिसतात अशी नोंद केली. शहरातल्या दुसऱ्या एका चर्चच्या सोनेरी भिंतींनी ते इतके भारावले की मनावर त्याचा पगडा बसू नये म्हणून त्यांनी अल्लाहची पनाह मागितली.

पण याच प्रवासवर्णनात दुसरी बाजूही आहे. राजवाड्यात काम करणारे नोकर चोरून नमाज पढत. घरात बाप मुलावर किंवा आई मुलीवर रागावली, तर मूल चर्चमध्ये जाऊन धर्म बदलेल या भीतीने आईवडिलांना गप्प बसावे लागे. बेटावरील मुसलमानांचे प्रमुख अबुल कासिम इब्न हम्मूद यांनी त्यांच्यापाशी मन मोकळे केले : मला आणि माझ्या घरच्यांना कोणी गुलाम म्हणून विकत घेऊन येथून नेले तरी बरे, अशा अर्थाचे ते बोलले. त्रापानी बंदरात एका प्रतिष्ठित गृहस्थाने या यात्रेकरूंपैकी एकाकडे आपला मुलगा पाठवला. निरोप असा होता की माझ्या लहान मुलीला सोबत न्या, तिच्याशी निकाह करा किंवा तुमच्याकडे कोणाशी लावून द्या. मुलीची पुन्हा भेट होणार नाही हे माहीत असूनही बाप तिला पाठवायला तयार झाला होता. ज्या शहरातील राजवाड्याच्या छतावर सलामत हा शब्द रंगवलेला होता, त्याच राज्यात हे घडत होते.

कारागिरी राहिली, माणसे गेली

ही भीती निराधार नव्हती. खुद्द रॉजरच्या काळात, ११५३ मध्ये, त्याच्या आरमाराचा सेनापती महदियाचा फिलिप याला गुपचूप इस्लाम पाळल्याच्या आरोपावरून जाळून मारण्यात आले होते. ११६१ मध्ये राजाविरुद्ध सरदारांनी बंड केले, आणि त्या गोंधळात पालेर्मोतील मुसलमानांची कत्तल झाली. ११८९ मध्ये विल्यम दुसरा वारला. पुन्हा हल्ले झाले आणि लोक डोंगरांत पळाले. रॉजरचाच दुसरा नातू सम्राट फ्रेडरिक याला अरबी विद्येची आवड होती, पण त्याच फ्रेडरिकने १२२० च्या दशकापासून सिसिलीच्या मुसलमानांना घरादारातून उठवून इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा गावी नेऊन बसवले. १३०० मध्ये नेपल्सचा राजा चार्ल्स दुसरा याने ती वस्तीही मोडली. अनेकांना गुलाम म्हणून विकण्यात आले.

कापेला पालातिनाचे छत मात्र राहिले. २००२ च्या भूकंपात चर्चला धक्का बसला. नंतर काळजीपूर्वक दुरुस्ती झाली, ती २००८ मध्ये पुरी झाली. २०१५ मध्ये पालेर्मो, चेफालू आणि मोनरेआले येथील नऊ वास्तूंना युनेस्कोने 'अरब-नॉर्मन' या नावाने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात हे चर्च आहे, आणि शहराचे मोठे कॅथेड्रलही. कॅथेड्रलची जागा आधी चर्च होती, ८३१ नंतर जामा मशीद झाली, १०७२ नंतर पुन्हा चर्च. जिंकणाऱ्याने हरलेल्याचे प्रार्थनास्थळ घ्यायचे, हा त्या काळचा रिवाज दोन्ही बाजूंनी पाळला. आज त्याच्या दक्षिण दाराच्या कमानीखालील एका स्तंभावर सूरह अल-आराफच्या ५४ व्या आयतीतील शब्द कोरलेले आहेत. रात्र आणि दिवस, सूर्य, चंद्र आणि तारे एकाच मालिकाच्या हुकमात असल्याचे त्यात सांगितले आहे. चर्चला येणारे लोक रोज त्याच्याजवळून जातात.

या वास्तूंकडे पाहून 'आमच्या लोकांनी बांधले' एवढेच म्हणून थांबणे पुरेसे नाही, असे आम्हाला वाटते. आमच्या मते या चर्चचा धडा वेगळा आहे. सिसिलीच्या मुसलमानांची भाषा, त्यांची नक्षी, त्यांचा पोशाख, त्यांचे ज्ञान हे सगळे राजाला प्रिय होते. पण त्यांची सुरक्षितता राजाच्या आवडीवर उभी होती, सर्वांना बांधणाऱ्या कायद्यावर आणि शेजाऱ्याच्या हक्कभावनेवर नव्हे. राजा बदलला, आवड बदलली, आणि पाया सरकला. एखाद्या समाजाचे खाणे, गाणे, कारागिरी यांचे कौतुक होणे चांगलेच आहे. पण त्या कौतुकालाच हक्क समजून निर्धास्त राहू नये. हे जसे कोणत्याही अल्पसंख्य समाजाने लक्षात ठेवायचे, तसेच जेथे आपण संख्येने जास्त असू, त्या देशांनी आणि गावांनीही ठेवायचे.

पालेर्मोला जाण्याची संधी मिळाली, तर त्या छताखाली थोडा वेळ जरूर उभे राहावे. ज्यांनी ते रंगवले त्यांच्या मगफिरतीसाठी दुआ करावी. आणि त्रापानीच्या बंदरावर मुलीला निरोप द्यायला तयार झालेल्या त्या बापाचीही आठवण ठेवावी.